शरद-उपशम

चार नंबरच्या सेपरेटरवरचा उरलेल्या तासांचा आकडा शुक्रवारी १,८६८ होता. सोमवारी दुपारी तो १,९१२ झाला होता. मधले तीन दिवस मशीन अखंड चालू होतं.

"मॅडम, ह्याचं वय कमी व्हायलंय बघा," रेश्मा मुजावर म्हणाली. या आठवड्यात दुपारच्या पाळीला या मशीनवर तीच ऑपरेटर होती. "आमच्या सासूबाईंना लावता का हा मशीनला फासलेला रंग? नको, राहू दे. त्यांचंबी वाढायचं."

देखभालीचं नियोजन पाहणारी केतकी मगदूम हसली आणि तिने आकडा टिपून घेतला. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. ऑक्टोबरपासून आकडे वाढतात हे तिनेच पहिल्यांदा दाखवून दिलं होतं. त्याला नावही तिनेच दिलं होतं: शरद-उपशम.

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात मक्यापासून स्टार्च काढत. भिजवलेला मका दळायचा, कोंडा गाळायचा आणि उरलेलं दुधासारखं पाणी सेपरेटरमध्ये सोडायचं. आतला साडेसातशे किलोचा पोलादी बाउल मिनिटाला चार हजार फेरे घेतो. जड स्टार्च कडेला जातो, हलकी प्रथिनं मध्ये राहतात. सगळा बाउल उभ्या दांड्यावर आणि दांडा दोन बेअरिंगांवर. बेअरिंग जाम झालं तर बाउल नुसता थांबत नाही, कवच फोडून बाहेर सुटतो. पुढे काय होतं, याची एक चित्रफीत प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी दाखवत. नंतर ती कुणी मागून पाहत नसे.

पूर्वी बेअरिंग ठरलेल्या तारखेला बदलत, मग ते चांगलं असो वा नसो. त्यात चांगली बेअरिंगं फेकली जात आणि वाईट कधीकधी तारखेआधीच जात. सहा वर्षांपूर्वी कंपनीने 'कानोसा' ही प्रणाली बसवली. तिचा मुख्य भाग म्हणजे एक राखाडी रंग. रंगात एका स्फटिकाचे बारीक कण असतात. त्यांच्यावर दाब पडला की सूक्ष्म वीज निर्माण होते. पोलादात भेग वाढते तेव्हा ती सलग वाढत नाही, केसाच्या शतांशाएवढ्या टप्प्यांनी वाढते, आणि दर टप्प्याला एक आवाज होतो. माणसाच्या कानाच्या पलीकडचा. रंगाला तो ऐकू येतो. कारखान्यात त्याला टिचकी म्हणत. तासाला किती टिचक्या, त्यावरून भेग किती वेगाने वाढते आहे हे कळे.

पण मशीन अजून किती चालेल, हे नुसत्या टिचक्यांवरून सांगता येत नाही. आज तासाला तीनशे आहेत, उद्या किती होतील? त्यासाठी कानोसा मागची वर्षं पाही. याआधी तीनशेवरून पुढे काय झालं होतं, ते शिके आणि तेच पुढे होईल असं धरे. म्हणजे मशीनवर दिसणारा उरलेल्या तासांचा आकडा अर्धा ऐकलेला असे आणि अर्धा आठवलेला.

आठवणीत एक विचित्र गोष्ट होती. पाचही वर्षं, ऑक्टोबरमध्ये, सेपरेटरच्या टिचक्या आपोआप कमी झाल्या होत्या. तीनशेवरून शंभरावर. केतकीने हवेतल्या आर्द्रतेचे आकडे शेजारी मांडले. पावसाळा संपतो, हवा कोरडी होते, तेलातलं पाणी कमी होतं, तेलाचा थर घट्ट होतो, भेगांवरचा ताण उतरतो. दोन्ही रेषा पाच वर्षं हातात हात घालून चालल्या होत्या. अहवाल बावीस पानांचा झाला. कंपनीने शरद-उपशम कानोसाच्या सूत्रात घातला आणि बेअरिंगांचं आयुष्य कागदावर जवळपास दीडपट झालं.

पुढचं सगळं त्यातून आलं. सुट्या भागांचा साठा निम्म्यावर आला. मार्चमध्ये सव्वीस फिटरांपैकी एकोणीस कमी केले. उरलेले सात विजेचे आणि उपकरणांचे. यांत्रिक दुरुस्तीला आता पुण्याहून कंत्राटी पथक येई, तेही आकडा सांगेल तेव्हा. हेच सूत्र समूहाच्या इतर नऊ कारखान्यांत जानेवारीत लावलं. तिथे कानोसाला स्वतःची आठवण नव्हती, म्हणून मिरजेची दिली. खर्च एकतीस टक्क्यांनी उतरला. देखभालीचा आराखडा केतकीचा होता, त्यामुळे कौतुकही तिचं झालं. येत्या जानेवारीपासून तिची नेमणूक पुण्याच्या मुख्य कार्यालयात होती.

तिचा नवरा सौमित्र पुण्यात होता. सहा वर्षांची मुक्ताही. चार वर्षं केतकी शनिवारी जात होती आणि रविवारी रात्री परतत होती. गेल्या आठवड्यात सौमित्रने कपाटाचे दोन खण रिकामे केले होते आणि त्यांचा फोटो पाठवला होता.

सोमवारी संध्याकाळी ती पुण्यातल्या सादरीकरणासाठी आलेख काढायला बसली. पाच वर्षांच्या पाच रेषा होत्या. यंदाची सहावी त्यांच्यावर बसवली की चित्र पूर्ण झालं असतं.

सहावी रेषा खाली आली नव्हती.

तिने चार नंबरचे मूळ आकडे पुन्हा मागवले. सप्टेंबरअखेर तासाला ३१०. ऑक्टोबरअखेर ३४५. आज ४०२. कानोसा मात्र उरलेले तास वाढवतच होता. हवा कोरडी झाली होती, त्यामुळे उपशम येणारच असं त्याने धरलं होतं. आत्ताच्या टिचक्या म्हणजे लांबलेला पावसाळी परिणाम, अशी नोंद त्याने स्वतःहून केली होती. यात त्याची चूक नव्हती. त्याला तसंच शिकवलं होतं.

मंगळवारी ती कारखान्याचे प्रमुख नचिकेत वाळिंबे यांच्याकडे गेली. वाळिंबे मृदू बोलत आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबत.

"आकडा काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"एक हजार नऊशे."

"आणि तुम्ही?"

"टिचक्या कमी झालेल्या नाहीत, सर. चारही मशीनं थांबवून उघडून पाहावीत असं वाटतं."

"टाक्यांत मका किती भिजतोय?"

"एकशे ऐंशी टन."

"म्हणजे थांबवलं तर तो आंबणार. सलाइनवाल्यांचं ग्लुकोज याच मक्यातून जायचंय. दवाखान्यांचा माल आहे, केतकी." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी नाही म्हणत नाही. पण 'वाटतं' यावर मला कारखाना थांबवता येणार नाही. मशीनच्या आतलं एक कारण द्या. एकच. मी लगेच थांबवतो."

ती जागेवर आली. आर्द्रतेचा आलेख यंदाही नेहमीसारखाच उतरला होता, उलट चार दिवस आधी. म्हणजे आर्द्रता उतरूनही उपशम झाला नव्हता. दोन रेषा पाच वर्षं बरोबर चालत होत्या, एवढंच काय ते खरं होतं. मग यंदा वेगळं काय?

तिने एका कागदावर लिहायला घेतलं. तेल तेच. मका तोच. फेरे तेवढेच. फिटर कमी, पण ते मार्चमध्ये, आणि सप्टेंबरपर्यंत आकड्यांत काही फरक नव्हता. शेवटी एक ओळ उरली. खंडेनवमीचा नऊ तासांचा बंद यंदा झाला नव्हता.

तो तिनेच रद्द केला होता. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे चारला मशीनं थांबत, दुपारी एकला चालू होत. यंदा गेटवर एका पाटावर हत्यारं मांडून वीस मिनिटांत पूजा झाली. नऊ तास वाचले.

पण नुसतं थांबल्याने भेग बुजत नाही. आणि त्या दिवशी काही काम होत नसे, हे तिने विचारून घेतलं होतं. कानोसा बसवताना तिने प्रत्येक मुख्य फिटरकडून एक अर्ज भरून घेतला होता. जुन्या फायलीत तो सापडला. मुख्य यांत्रिक फिटर हिंदुराव शेळके. प्रश्न सतरा: खंडेनवमीच्या बंदात कोणती देखभाल करता? उत्तर: काही नाही. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाही.

खाली सही. ते सही करत होते तेव्हा केतकी समोरच बसली होती.

बुधवारी दुपारी ती आरगला, त्यांच्या गावी गेली. हिंदुराव शेळक्यांना कारखान्यात सगळे तात्या म्हणत. केतकी शिकाऊ म्हणून आली तेव्हा पहिलं वर्षभर ती त्यांच्या हाताखाली होती. मार्चमधल्या एकोणीस जणांच्या यादीत पहिलं नाव त्यांचं होतं, कारण पगार सर्वांत जास्त होता. यादी पगाराच्या उतरत्या क्रमाने लावली होती. तीही तिनेच.

तात्या पडवीत बसले होते. समोर वर्तमानपत्रावर एक मिक्सर सुटा करून मांडला होता.

"तात्या."

"या मॅडम. मिक्सर आणलाय का? नंबर लावावा लागंल. पाच हायत पुढं."

"अहो, पोरगी उन्हातनं आलीय, बस तरी म्हणा," आतून काकूंचा आवाज आला.

"बस की. मी कुठं धरून ठेवलंय."

केतकी बसली. काकूंनी पाणी आणून दिलं आणि दारातच उभ्या राहिल्या.

"तात्या, एक विचारायचं होतं. खंडेनवमीला—"

"विचारलं हुतंस की मागं. सांगितलं हुतं."

"हो. काही देखभाल करत नाही म्हणालात."

"मग तेच."

तात्यांनी मिक्सरची एक पितळी कडी उचलून डोळ्यांसमोर धरली, बोटाने फिरवली, परत ठेवली.

"देखभालीचं राहू दे," ती म्हणाली. "त्या दिवशी पहाटे चारला कारखान्यात गेल्यापासून तुम्ही काय काय करत होता, तेवढं सांगा. चहा प्यायलात तर तेही."

"च्या न्हाई. उपास असायचा."

"मग?"

"मग काय. मशीन थंड झालं की उजाडायच्या आत नट ढिले करून घ्यायचे. मग हत्यारं धुवून, पुसून पाटावर. एकदा पाटावर गेली की त्यांना हात न्हाई. पुढचं सगळं हातानं. खालचं बूच काढायचं, तेल सोडायचं. मग अंघोळ."

"कुणाची?"

"मशीनची!" तात्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "आतनं रॉकेल मारायचं, दोनदा. सुती फडक्यानं पुसायचं. कोपऱ्याकोपऱ्यात बोट घालून. तळाला लोखंडाची पूड बसती, ती काढायची. मग अभ्यंग. नवं तेल."

"स्टोअरमधून तेल निघाल्याची नोंद कधीच नाही."

"कशी असंल? कंपनीचं तेल चालतंय व्हय? आपण वर्गणी काढून आणायचं. फुलं, पेढे आणि तेल. देवाला दुसऱ्याच्या बाटलीतलं कोण घालतं?"

"आणि नट परत आवळायला? हत्यारं तर पाटावर."

तात्या जरा ओशाळून हसले. "शेजारच्या कारखान्यातनं पाना मागून आणायचो. त्यांची पूजा दसऱ्याला असायची. मग दुसऱ्या दिवशी त्यांना आमचा द्यायचा. तुम्ही सगळे धाला, साड्याबिड्या नेसून आरतीला यायचा तोवर सगळं उरकलेलं असायचं."

केतकीने हा हिशोब मनात केला. अकरा वर्षं ती दहा वाजता आरतीला गेली होती. चकचकीत मशीनला हळदकुंकू लावलं होतं. ते इतकं चकचकीत का आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं.

आता आतलं कारण तिच्या हातात होतं. बेअरिंग झिजतं तेव्हा लोखंडाची पूड तेलात उतरते. तीच पूड पुन्हा बेअरिंगमध्ये जाते आणि नव्या भेगा पाडते. वर्षातून एकदा ती काढली की टिचक्या कमी होतात. रंगाने जे ऐकलं ते खरं होतं. शांतता खरी होती. ती हवेमुळे आलेली नव्हती, इतकंच.

"तात्या, हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू देखभाल विचारलीस. अंघोळ घालण्याला कोण देखभाल म्हणतं? उद्या मला विचारशील, घरातल्या देवांचं मेंटेनन्स कोण करतं."

"कुठे तरी लिहून ठेवलं असतं, तर—"

"लिहिलं असतं तर तू पहिल्याच वर्षी काढून टाकलं असतंस."

पहिल्या वर्षी तिने जुन्या यादीतली अडतीस कामं खोडली होती. प्रत्येकापुढे लागणारे तास लिहिलेले होते, म्हणूनच खोडता आली होती.

"यंदा अंघोळ घातली न्हाई?" तात्यांनी विचारलं.

"गेटवर पूजा केली."

त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"एक, दोन, तीन नंबरच्या तळाला चिमूटभर पूड निघायची. चार नंबरला दरवर्षी निम्मा चमचा. त्याचा दांडा जरा तिरका बसलाय पयल्यापासनं." ते थांबले. "चारला कोण असतं आता?"

"रेश्मा मुजावर."

"मुजावरांची? ती लई बडबड करती, ती?"

"हो."

"मग जा की. हितं काय बसलीस!"

गावाबाहेर येऊन तिने गाडी बाजूला घेतली आणि वाळिंब्यांना फोन लावला. ते पुण्यात बैठकीला गेले होते. तिने सगळं क्रमाने सांगितलं.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "कारण पटलं. चार नंबर थांबवा. तेलाचा नमुना घ्यायचा आहे असं दाखवा. साफ करा, तेल बदला, वाटलं तर बेअरिंग बदला. एक सेपरेटर बंद असला तर उरलेल्या तिघांवर मका निघेल. बाकीचे तीन मग एकेक करून घेऊ."

"आणि शरद-उपशम?"

"त्याला आत्ता हात लावू नका."

"सर, नऊ कारखान्यांत तेच सूत्र आहे. तिथलाही बंद आपण यंदा रद्द केला. तिथलेही जुने फिटर आता नाहीत."

"मला माहीत आहे. मी महिन्याभरात टप्प्याटप्प्याने कळवतो. तुम्ही सूत्र काढलंत तर आज संध्याकाळी दहा कारखाने एकदम थांबतील. त्यातली किती मशीनं खरोखर वाईट असतील? तीन? चार? बाकीची विनाकारण. आणि केतकी," त्यांचा आवाज बदलला नाही, "जानेवारी जवळ आहे. अहवाल चुकला हे मार्चमध्येही लिहिता येईल. तेव्हा ते संशोधन ठरेल. आज लिहिलंत तर अपघात ठरेल."

तिने फोन ठेवला आणि गाडी सुरू केली. वाळिंब्यांच्या बोलण्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. बहुतेक मशीनं महिनाभर सहज चालली असती. कोणती, ते तिला सांगता येत नव्हतं. वाळिंब्यांनाही नाही. त्या नऊ कारखान्यांत कुठे अंघोळ घालत होते आणि कुठे नाही, हे कोणत्याच अर्जात नव्हतं. तिथल्या मशीनपाशी आत्ता कोण उभं होतं, त्यांची नावंही तिला माहीत नव्हती. इथलं एक माहीत होतं.

सूत्रात बदल करण्याचा अधिकार तिचा होता. दहाही कारखान्यांना एकच सूत्र असावं, हा आग्रहही तिचाच, त्यात खर्च वाचतो म्हणून. आणि आकडा दोनशेच्या खाली गेला की मशीनने कुणालाही न विचारता वेग उतरवून थांबावं, हा नियमही तिनेच घातला होता. माणसांना विचारलं की घासाघीस सुरू होते, असं तिने त्या वेळी कारण दिलं होतं.

साडेचारला ती सेपरेटरच्या मजल्यावर पोचली.

"रेश्मा, जिन्यापाशी जा. चहा घे."

"आत्ता? पाळी आत्ता तर सुरू झालीया. मशीनला कोण बघंल?"

"मी बघते."

"तुम्हाला येतंय व्हय?" म्हणत रेश्मा गेली, पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून पाहत राहिली.

केतकीने टॅब उघडला. सूत्रात सात पदं होती. पाचवं शरद-उपशम. ते काढताना प्रणालीने कारण विचारलं. तिने लिहिलं: निरीक्षण बरोबर, कारण चुकीचं. पूर्वीची शांतता दरवर्षीच्या साफसफाईमुळे होती. यंदा ती झालेली नाही. जबाबदारी माझी. मग नाव लिहिलं आणि मान्य केलं.

चार नंबरवरचा १,९३८ क्षणभर तसाच राहिला. मग तिथे ७४ आलं.

बाउलचा आवाज उतरायला लागला. इतकं वजन थांबायला पाऊण तास लागतो. मागोमाग दोन नंबर आणि एक नंबर. तीन नंबर २३६ वर चालू राहिलं. तोवर तिचा फोन वाजायला लागला होता. पहिला फोन नाशिकजवळून, दुसरा कर्नाटकातून, तिसरा वाळिंब्यांचा. तिने तिसरा आधी घेतला.

"काढलंत," ते म्हणाले.

"हो, सर."

"बरं. मी रात्रीपर्यंत पोचतो."

तासाभरात दहा कारखान्यांतल्या एकतीसपैकी बावीस सेपरेटर थांबले. सहा ठिकाणी मका आंबला.

गुरुवारी सकाळी पुण्याचं पथक आलं. चार नंबरचं खालचं बूच उघडलं तेव्हा वाळिंबे शेजारी उभे होते. तेल काळं होतं. तळाशी हात घातल्यावर पथकाच्या मुख्य तंत्रज्ञाच्या मुठीत लिंबाएवढा चिकट गोळा आला. त्याने तो बोटांनी चोळून पाहिला. मग बेअरिंग बाहेर काढलं. बाहेरच्या कडीवरून अंगठ्याच्या नखाएवढा पोलादाचा पापुद्रा सुटला होता आणि त्याच्या शेजारी दुसरा सुटायला आला होता.

"किती तास दाखवत होता म्हणालात?" तंत्रज्ञाने विचारलं.

"चौऱ्याहत्तर," केतकी म्हणाली.

"मी एक दिवसही दिला नसता."

वाळिंब्यांनी ते बेअरिंग हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. नंतर ते म्हणाले, "फोटो काढून ठेवा. दोन्ही बाजूंनी."

चौकशी दहा दिवस चालली. बावीसपैकी तीन मशीनं वाईट निघाली. दोन ठिकाणी तर कधी अंघोळ घालतच नसत. तिथे शरद-उपशम पहिल्यापासूनच खोटा होता. एकोणीस मशीनं चांगली होती. समितीसमोर वाळिंब्यांनी दोन्ही संख्या सांगितल्या, तीनही आणि एकोणीसही. त्यांनी काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही. समितीने केतकीला विचारलं की ही माहिती सहा वर्षांपूर्वी का मिळाली नाही. तिने सांगितलं की प्रश्न चुकीचा विचारला होता. तो कसा विचारायला हवा होता, यावर समितीला चर्चा करायची होती, पण वेळ संपला.

पुण्याची नेमणूक रद्द झाली. सूत्राचा अधिकार मुख्य कार्यालयातल्या एका गटाकडे गेला. केतकीला उत्पादन विभागात, सेपरेटरच्या मजल्यावर, पाळी पर्यवेक्षक म्हणून ठेवलं. कमी केलेल्यांपैकी आठ फिटरांना कंत्राटावर परत बोलावलं. तात्या आले नाहीत.

तिने सौमित्रला फोनवर सांगितलं. मागे मुक्ताचा आवाज येत होता. ती कुठलीशी कविता मोठ्याने पाठ करत होती.

"मग किती दिवस?" त्याने विचारलं.

"वर्ष तरी."

"खण तसेच ठेवतो," तो म्हणाला.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी चार नंबर चालू केलं. नवं बेअरिंग, नवं तेल. मशीनवरचा पडदा मात्र रिकामा होता. जुनी आठवण पुसून कानोसाला नव्याने शिकायचं होतं आणि निदान चार महिने ऐकल्याशिवाय तो काहीच सांगणार नव्हता. तशी सूचना सगळ्या मशीनांवर चिकटवली होती.

रेश्माने सूचना वाचली. मग पुन्हा वाचली. बाउलने वेग घ्यायला सुरुवात केली होती आणि जमीन नेहमीप्रमाणे बारीक थरथरत होती.

"मॅडम, म्हणजे किती तास हायत ते आता कुणालाच ठाऊक न्हाई?"

"नाही."

"तुम्हालाबी?"

"मलाही नाही. आठवड्याला तेल सोडून तळ बघायचा, एवढं ठरवलंय. त्याच्या मधलं माहीत नाही."

"आधी ठाऊक हुतं का?"

केतकीने विचार केला. "नाही. आधीही नव्हतं."

रेश्माने मशीनकडे पाहिलं, मग मजल्यावर सगळीकडे. मशीनपासून आठ पावलांवर छपराचा एक जाड सिमेंटचा खांब होता. तिने आपलं स्टूल उचललं, त्या खांबाच्या मागे नेऊन ठेवलं आणि तिथून मान तिरकी करून तेलाची काच दिसते का ते पाहिलं. दिसत होती.

मग ती जिन्याखालून दुसरं स्टूल घेऊन आली आणि पहिल्याच्या शेजारी ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "पाळी अकरापर्यंत हाय."